अत्रे असं म्हणाले होते

निपाणी-बेळगाव पट्ट्यात दर गल्लीला एक मारुती आणि एक तात्या असतो. मारुती बोलत नाही, तात्या थांबत नाहीत. पण एवढं बोलून तात्यांचं स्वतःचं असं त्यात एक वाक्य नसतं. सगळं अत्र्यांचं, नाहीतर पुलंचं. समोरचा जरा शिकलेला निघाला तर शॉचं.

सांगण्याची रीत ठरलेली. तंबाखू अर्थातच निपाणीची. तळव्यावर चुना लागला की प्रस्तावना सुरू. अंगठा फिरतोय तोवर प्रसंग रंगतो, टाळी मारून भुकटी उडवली की पेच पडतो, आणि शेवटचं वाक्य फेकून चिमूट ओठाआड जाते. मग शंका विचारून उपयोग नाही. उत्तर द्यायला तोंड मोकळं नसतं.

सभागृहात एवढ्या सत्ताधाऱ्यांपुढं तुम्ही एकटे काय करणार, या प्रश्नाला अत्र्यांनी खुराड्याचा दाखला देऊन उत्तर दिलं, असं महाराष्ट्रभर सांगतात. तात्यांच्या तोंडी ते निपाणीच्या बाजारात घडतं. ‘कोंबड्या किती रे?’ ‘पन्नास.’ ‘आणि कोंबडा?’ ‘एकच की!’ लग्नाच्या मांडवात कोंबड्या शंभर होतात, आयाबाया जवळ असल्या की दहावर येतात. कोंबडा मात्र कायम एकच, कारण ते अत्रे.

शॉ आणि चर्चिल यांच्या नावावर खपणारा तिकिटांचा किस्सा आहे. पहिल्या प्रयोगाची दोन तिकिटं पाठवतोय, मित्र असलाच तर घेऊन या. त्यावर उत्तर, पहिल्याला जमत नाही, दुसरा झालाच तर येतो. तात्यांनी तो अलगद उचलून ‘साष्टांग नमस्कार’च्या बेळगावातल्या प्रयोगाला चिकटवला. तुम्ही माझे नवरे असता तर कॉफीत विष घातलं असतं, असं म्हणणाऱ्या बाईला ‘आणि मी ती प्यालो असतो’ हे उत्तरही त्यांनी चर्चिलकडून काढून घेतलं. मी म्हटलं, “तात्या, हा विनोद १८९९ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात बिननावाचा छापून आला होता. ज्या लेडी ॲस्टरशी तो जोडतात, त्या पार्लमेंटात गेल्या १९१९ ला.”

तात्यांनी बोटावर हिशेब केला. “मग बरोबरच हाय की. अत्रे जन्मले ९८ ला. दुसऱ्या साली विनोद आला.”

पुलंच्या बाबतीत मात्र त्यांच्या हाती पक्का पुरावा असतो. पुलं बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते, आणि ‘गणगोत’मधले रावसाहेब बेळगावचेच. त्यामुळं या भागात पुलंच्या वर्गात बसलेली माणसं इतकी भेटतात, की तो वर्ग युनियन जिमखान्याच्या मैदानावरच भरत असावा.

तात्यांना खोटारडं म्हणवत नाही. निपाणीचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. गाव कर्नाटकात. जिथं पोरं तासाला जाताना राज्य ओलांडतात, तिथं एखाद्या किश्श्यानं गाव बदललं तर कुठं बिघडलं? १९६७ च्या महाजन अहवालानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं, बेळगाव नको म्हटलं. पुढं दोन्ही होती तिथंच राहिली. तात्यांनी मग वाट बघणं सोडलं आणि अख्खा महाराष्ट्र किश्श्याकिश्श्यानं इकडं आणायला घेतला.

एकदा त्यांच्यासोबत उतारा काढायला कचेरीत गेलो होतो. कारकुनानं मराठी अर्ज परत सरकवला. इतकी वर्षं आमच्या राज्यात राहता, कन्नड शिकायला नको? तात्या अस्खलित कन्नडमध्ये म्हणाले, “साहेब, आम्ही कुठं राहायला आलो? आम्ही होतो तिथंच आहोत. ५६ साली तुमचं राज्य आमच्याकडं राहायला आलं. घरच्यांची बोली पाहुण्यानं शिकायची असते.”

रांग खदखदून हसली. कारकूनही हसला. असला बिनतोड जबाब मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. पण सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर तात्या भेदरले. घाईघाईनं म्हणाले, “माझं नव्हे हो! अत्रे म्हणाले होते.”

“कन्नडात?” मी विचारलं.

“त्यांना काय अवघड?”

तेवढ्यात कारकुनानं चष्मा काढला. अत्रेबित्रे काही नाही, हे आमच्या बीचींचं. बीची म्हणजे कन्नडमधले नामांकित विनोदकार. म्हणजे टेबलापलीकडंही एक तात्या होताच. मग अर्ज राहिला बाजूला आणि अत्रे की बीची यावर अर्धा तास वाद पेटला. चहा आला, तंबाखूची देवघेव झाली, उताराही मिळाला. ते वाक्य तात्यांचं असेल, अशी शंका मात्र दोघांपैकी एकालाही आली नाही.

पुढं तोच किस्सा मला कोल्हापुरात ऐकायला मिळाला. तिथं तो पुलंच्या नावावर होता. परतल्यावर तात्यांना सांगितलं, तर ते चांगलेच तापले.

“काय बी सांगालेत! अत्र्यांचाच हाय त्यो. मी स्वतः होतो की तिथं!”