दहा लाखांची छत्री

एडिसनहून, म्हणजे न्यू जर्सीतून, नेरुळला पत्र आलं. काकूंनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. 'ती. बाबा व आईस, शि. सा. न.' इथवर ठीक होतं. पुढच्याच ओळीला त्या थबकल्या. 'परवा छत्री घेतली. दहा लाख डॉलरची.'

बाहेर आषाढ धो धो कोसळत होता. "अहो, वाशीच्या बाजारात तीनशेला मिळते की!"

खुलासा पुढे होता. छत्री म्हणजे अम्ब्रेला पॉलिसी. 'इथं गाडीच्या विम्याला मर्यादा असते. २०२६पासून न्यू जर्सीत कायद्यानं किमान ३५ हजार डॉलर, एका जखमी माणसामागे. छत्री हवी म्हणून कंपनीनं मला ती अडीच लाखांवर न्यायला लावली. उद्या माझ्या धडकेत कुणी जायबंदी झालं आणि कोर्टानं नऊ लाख ठरवले, तर अडीच गाडीचा विमा भरेल, उरलेले साडेसहा छत्री. एरवी ते माझ्या बचतीतून आणि पगारातून जातील.'

काकांची उभी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीत गेलेली. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९९१ साली धोकादायक रसायनांच्या कारखान्यांना सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा झाला, त्याची कागदपत्रं त्यांच्याच टेबलावरून जात. मूळ कायद्यात मृत्यूची तातडीची मदत २५ हजार रुपये, हे त्यांना अजून पाठ. "आपल्याकडे गाडीखाली माणूस सापडला तर थर्ड पार्टी विम्याला मर्यादा नाही," ते म्हणाले. "ट्रिब्युनल ठरवेल ती रक्कम. साडेसात लाखांची मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला."

मग छत्रीसारखीच वाटणारी एक्सेस पॉलिसी म्हणजे काय? हे चिरंजीवांनी झकास समजावलं होतं. सिडकोच्या बैठ्या घरावर तस्सा मजला चढवायचा, भिंती खालच्याच, ती एक्सेस: खाली जे झाकलं नाही, ते बहुधा वरही नाही. छत्री त्या मजल्याबाहेरही थोडी पसरते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर खजिनदाराला चोर म्हटलं आणि त्यानं बदनामीचा दावा ठोकला, तर तोही पुष्कळदा छत्रीखाली येतो. फक्त सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण सोसायची. चिरंजीव मंडळाच्या कमिटीवर आहेत, तेव्हा खरेदी शहाणपणाची म्हणायची.

शेवटी सूनबाईंचा ताजा कलम होता. छत्री फक्त दुसऱ्याचं नुकसान भरते. आपला पाय मोडला तर आपला आरोग्य विमा. आणि घरच्या छत्रीत धंदा बसत नाही. विकलेल्या चकलीनं कुणाचा दात पडला, तर वेगळा विमा हवा.

यंदा एडिसनला धाडायच्या चकलीच्या भाजणीच्या पाकिटावर काकूंनी चिठ्ठी चिकटवली: 'घरी खायला. विकायला नाही.'