मापात बसवलेला महापुरुष

लिंकन 1809 साली केंटकीत एका लाकडी खोपटात जन्मले. तिथे 1911 साली ग्रॅनाइटचे भव्य स्मारक झाले. पायऱ्या 56, त्यांच्या वयाइतक्या. आत ठेवायचे खोपटे मोठे ठरले, तेव्हा ते कापून लहान केले. योग्यच झाले, दर्शनार्थींना फिरायला जागा हवी, पूर्वजांनी जरा सरकून घ्यावे. कुणी कुरकुरेल, की ओंडक्यांची वलये तपासता ते लिंकनजन्माच्या सुमारे 40 वर्षांनंतरचे निघाले. पण यात दोष ओंडक्यांचा नाही, जन्मतारखेचा आहे. आणि लाकूड कापणाऱ्यांना तारीख सरकवणे अवघड नाही. मग अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष सोळाव्या वर्षीच दिवंगत होतील खरे. पण 40 पायऱ्या वाचतील, आणि ज्येष्ठ नागरिक दुवा देतील.