एका संताची एकच मूर्ती

मिस्साविधीच्या नियमावलीत एक साधंसं कलम आहे: चर्चमध्ये एका संताची शक्यतो एकच प्रतिमा असावी. ते लिहिणाऱ्यांनी वसईतली सजावट समिती पाहिलेली नसणार. आमच्याकडे संत अंतोनी दाराशी एक, डाव्या खांबापाशी एक आणि रंग उडाल्यामुळे निवृत्त होऊन माळ्यावर गेलेले एक. प्रत्येकाच्या चौथऱ्याला संगमरवरी पाटी, पाटीवर कुणाच्या तरी आईवडिलांची नावं. त्यामुळे मूर्ती हलवायची तर पाटीवाल्यांच्या नातवंडांची परवानगी लागते, आणि संतांपेक्षा नातवंडं लवकर रागावतात. अंतोनी १२३१ मध्ये वारले. हरवलेली वस्तू शोधून द्यायचं काम भाविकांनी त्यांच्याकडे सोपवलेलं. माळ्यावरची मूर्ती नेमकी कुठे ठेवलीय, हेही आता त्यांनाच विचारावं लागतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये सांगून टाकलं, की प्रतिमा जरूर ठेवा, पण बेताने आणि योग्य क्रमाने. सांगणं रास्त आहे. पण क्रम लावायचा कुणी? गोन्सालो गार्सिया वसईचे. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. घरच्या माणसाला मागे कसं बसवणार? वेलांकनी मातेपुढे नवसाच्या मेणबत्त्या, तिला हात लावायची कुणाची छाती नाही. उरले योसेफ. बायबलात त्यांच्या तोंडी एक शब्द नाही, तर इथे कुठली तक्रार करणार? म्हणून पंख्यांच्या स्विचबोर्डाखालची जागा कायमची त्यांची.

मूर्ती कशी दिसावी, यावरही मतं असतातच. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेकांनी मारियेला साडी नेसवून रंगवलं, तर गोव्यातच टीकेची झोड उठली. पुढे ते पुण्यात राहून चित्रं काढत राहिले. मला ती मारिया फार आवडते. पण आमच्याकडची लुगड्यातली आजी निळ्या झग्यातल्या गोऱ्यापान मारियेपुढे तासभर बसते, आणि दोघींचं छान जमतं. साडीतली दाखवली, तर 'ही कुणाची गं सून?' म्हणून विचारील.

फुलांची भानगड वेगळीच. फुलं वेदीवर नकोत, वेदीच्या आसपास असावीत आणि बेताने असावीत, असं नियम म्हणतो. ज्या मुलखातला मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या गाडीने दादरला जातो, तिथे बेत म्हणजे किती? एकीने परडी आणली, की दुसरी पाटी आणते. सणाच्या दिवशी वेदीच्या दोन्ही बाजूंना इतकी फुलं चढतात, की वाचन करायला उभी राहिलेली मुलगी नाकापासून वरच दिसते. फादर हसतात. फुलं परत कुणाला पाठवायची, हे त्यांनाही ठरवता येत नाही.

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ आला की सगळं थांबतं. चौथा रविवार आणि मोठे सण सोडले, तर वेदीपाशी फुलाची पाकळीसुद्धा चालत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत काही ठिकाणी मूर्तीही जांभळ्या कापडाखाली जातात. मग पहिल्यांदाच छताचे जुने वासे दिसतात, चुन्याची भिंत दिसते, भिंतीवरची क्रुसाची वाट पहिल्या स्थानापासून चौदाव्यापर्यंत सलग नजरेत येते. मला चर्च तेव्हा सगळ्यात देखणं वाटतं. समितीत हे बोलायची सोय नाही; रिकाम्या हातांनी बसून त्या बायका आधीच कासावीस झालेल्या असतात.

त्यांची सुटका होते ती १९ मार्चला. योसेफांचा सण बहुधा याच काळात येतो, आणि त्या दिवशी फुलांना मुभा असते. मग साठलेला सगळा मोगरा, जरबेरा, निशिगंध स्विचबोर्डाखाली येऊन पडतो. फुलांच्या वरून दिव्यांची माळही सोडतात. प्लग तिथेच असल्यामुळे वायर ओढावी लागत नाही.