अर्ज : चावा मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. विल रँडल,
माजी (आणि पुन्हा माजी) मुख्य संपादक,
सध्या मुक्काम : अरण्य.

संदर्भ : 'वुल्फ', दिग्दर्शक माइक निकोल्स, 1994.

महोदय,

मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक आहे. वय वर्षे 58. चष्म्याचा नंबर दर दिवाळीला वाढतो. पगाराचं 'दिवाळीनंतर बघू' असतं. अशा अवस्थेत परवा आपला चित्रपट पुन्हा पाहिला आणि हा अर्ज करायचं धाडस झालं.

व्हरमाँटच्या बर्फाळ रस्त्यावर आपल्या गाडीची धडक बसलेला लांडगा आपण बाजूला करायला गेलात आणि त्यानं आपल्या हाताला चावा घेतला. खरं सांगतो, मला तेव्हा लांडग्याचीच कीव आली. संपादकाच्या अंगात रक्त ते कितीसं असणार?

तेवढ्यात आपली संस्था रेमंड ऑल्डन नावाच्या धनाढ्यानं गिळली. पण काढून टाकतानाही काय ती अदब! पार्टीला बोलावलं, हिरवळीवर फिरवलं आणि चालता चालता सांगितलं की आता तुमची जागा दुसऱ्याला. या धंद्यात अभिरुची हे हल्ली व्यंगच, हेही वर ऐकवलं. आमच्याकडे एवढे लाड नाहीत. आमच्याकडे माणसाचं टेबल एक दिवस जिन्याखाली सरकवतात. समजायचं ते तो समजतो.

आणि खुर्चीत कोण? आपणच बोट धरून वर आणलेला स्ट्युअर्ट. जेम्स स्पेडरनं हा शिष्य इतका नम्र उभा केलाय की त्यानं हात मिळवला की आपली अंगठी जागेवर आहे ना, हे चाचपून पाहावंसं वाटतं. अंगठी राहिली, बायको मात्र गेली होती.

आता चाव्याच्या गुणाकडे येतो. आपला चष्मा सुटला. मजल्याच्या दुसऱ्या टोकाची कुजबुज ऐकू येऊ लागली. सकाळी सकाळी सहकाऱ्यानं टकिला घेतलीय हे नुसत्या वासावरून कळलं. मी हे पाहताना खुर्चीच्या टोकावर आलो होतो. मुद्रितशोधकाला लांडग्याचे दात देऊन काय उपयोग, पण डोळे! गळलेले अनुस्वार मी वासावर काढले असते.

मग, खुर्ची परत मिळाल्यावर, स्वच्छतागृहातला तो प्रसंग. स्ट्युअर्टला नोकरीवरून काढता काढता आपण त्याच्या मऊ चामड्याच्या बुटांवर आपली हद्द आखलीत. 1988 मध्ये 'वर्किंग गर्ल'मधून निकोल्स यांनी सेक्रेटरीची कल्पना ढापणारी बॉस दाखवली होती. ऑफिसातली शिकार त्यांना नवी नव्हती. यावेळी फक्त केस उगवले. तेही बेतानंच, कारण आपली भूमिका करणाऱ्या जॅक निकल्सनच्या भुवया जन्मतःच लांडग्याच्या. रंगभूषाकार रिक बेकर यांचं निम्मं काम तिथंच झालं होतं.

आपल्याला चावा मागणारा मी पहिला नाही, हेही ठाऊक आहे. लांडग्यांची सगळी विद्या जाणणारे म्हातारे डॉक्टर विजय, म्हणजे आमचे ओम पुरी. 1983 च्या 'अर्धसत्य'मध्ये हेच गृहस्थ सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर होते : श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेतले, तेंडुलकरांच्या पटकथेतले. वेलणकर वरिष्ठांपुढे दात आवळत राहिला आणि शेवटी गुंड रामा शेट्टीच्या नरड्याला हात घालून मोकळा झाला. त्याला लांडगा लागला नाही, खातंच पुरलं. अकरा वर्षांनी तोच चेहरा आपल्यापुढे मरणाला टेकून म्हणतो, मला चावा. आपण सभ्यपणे नाही म्हणालात. माझी आशा तिथंच थोडी मावळली.

पुढे चित्रपट ऑफिस विसरतो नि ऑल्डनच्या इस्टेटीकडे धावतो. आपण चावल्यामुळे स्ट्युअर्टही लांडगा झालेला. मग गुरगुर, उड्या, रक्त. सगळा उत्तरार्ध वाया गेला, अशी तक्रार मी करणार होतो. पण सवयीनं शेवटचं प्रूफ पुन्हा तपासलं. आपली पत्नी : मृत. स्ट्युअर्ट : मृत, मालकाच्या मुलीच्या गोळीनं. आपण : चार पायांवर अरण्यात. ऑल्डन : ओरखडासुद्धा नाही. म्हणजे खुर्चीचे दोन्ही दावेदार परस्पर निकालात निघाले, ना निवृत्तिवेतन, ना नुकसानभरपाई. आणि संस्था ज्याची त्याच्याकडे. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, असं आम्ही म्हणतो. ऑल्डनला तर तोंडही उघडावं लागलं नाही.

शेवटी मिशेल फायफरची लॉरा पोलिसाच्या तोंडचा व्होडकाचा वास हुंगते, तेव्हा क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं, ती ऑल्डनचीच मुलगी. लांडगेपणसुद्धा शेवटी वारसाहक्कानंच गेलं म्हणायचं.

मात्र साहेब, प्रूफ तपासताना एक जागा नजरेत आली. आपली नोकरी परत मिळाली ती दातांमुळे नाही. लेखक आपल्याबरोबर बाहेर पडतील, एवढ्या एका भीतीनं ऑल्डन नमला. ते लेखक चाव्याच्या आधीपासून आपले होते. वर्षानुवर्षं आपण त्यांची हस्तलिखितं मन लावून वाचलीत, ही ती पुण्याई. ती बँकेत पडून आहे हे आठवायला तेवढा लांडगा लागला.

सबब, चाव्याचा अर्ज मागे घेत आहे. उद्या दोघातिघा लेखकांना फोन करणार आहे. गेली तीस वर्षं त्यांच्या ऱ्हस्वदीर्घांची राखण मी केली. नावानं ओळखतात का, बघू.

आपला,
(चष्म्यासह) एक मुद्रितशोधक

ता. क. : बुटांच्या उपायाचाही विचार केला होता. पण आमच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर पाणी नसतं, आणि साहेब चपला घालतात.