राखेची बिस्किटं आणि बादलीतला बाप्पा

अहो, ऐकलंत का? नगरात सावेडीकडच्या सोसायट्यांत म्हणे लोक स्वतः घडवलेली मूर्ती स्वतःच बादलीत बुडवतात आणि वर मोबाइल धरून तिचं विरघळणं टिपतात! शिव शिव! पूर्वी बरं होतं. नगरच्या कारखान्यातून मूर्ती आणायची. घडवणारा वेगळा, बुडवणारा वेगळा, पाप कुणाच्याच माथी नाही. आता 'शाडू कार्यशाळा' नावाचं खूळ आलंय. रविवारी गोळा मळायचा, तीनदा पडलेली सोंड चौथ्यांदा चिकटवायची, दहा दिवस आरत्या म्हणायच्या आणि मग त्याच हातांनी... माळीवाड्याच्या देवळातला विशाल गणपती जागचा हलत नाही, ते का, हे मला आता कळलं.

विलायतेतही हेच थेर. बँक्सी म्हणून तोंड लपवून फिरणारा एक चित्रकार आहे. 5 ऑक्टोबर 2018 ला लंडनच्या सदबीजमध्ये त्याच्या फुगेवाल्या मुलीच्या चित्रावर हातोडा पडला (दलाली धरून दहा लाख पौंडांच्या वर), तोच चौकटीत दडवलेलं यंत्र चित्र चिरू लागलं. आणि अडकलं कुठे? बरोबर अर्ध्यावर! 2021 मध्ये त्याच चिंध्या एक कोटी 85 लाख पौंडांवर गेल्या. आपण फाटकी नोट दिली तर रिक्षावाला खाली उतरवतो.

डेमियन हर्स्ट नावाच्या चित्रकारानं तर हिशेब ठेवून जाळलं. रंगीत ठिपक्यांचे दहा हजार कागद. घेणाऱ्यानं ठरवायचं, कागद हवा की त्याची डिजिटल मालकी. ज्यांनी डिजिटल मागितली त्यांचे 4,851 कागद भट्टीत गेले. ठिपके हो, ठिपके! आमच्या बायका रोज सकाळी दारात काढतात, दुपारपर्यंत दूधवाला, पेपरवाला, कुत्रं सगळे तुडवून जातात, लंडनहून कुणी फिरकत नाही.

कहर केला तो जॉन बाल्डेसारी या चित्रकारानं. 1953 ते 1966 मधली हाताशी असलेली चित्रं त्यानं 1970 मध्ये रीतसर दहनगृहात जाळली आणि थोड्या राखेची बिस्किटं भाजली. अस्थींची बिस्किटं! चहाबरोबर कुणी खाल्ली असतील का, या विचारानं माझी झोप उडाली आहे.

पण मला मेलीला एक शंका येते. हर्स्टचा कागद जळला, डिजिटल शिल्लक. बँक्सीचं अर्धं चित्र चौकटीत शाबूत. कारखान्यातला बाप्पा गेला, तरी रबरी साचा आहेच. पुढच्या वर्षी तसाच दुसरा. प्लास्टरचा असला तर विरघळायलाच तयार नसतो, म्हणून पुण्याच्या एनसीएल या रसायन प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटचा उतारा शोधला. त्यातून निघालेलं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. एकूण काय, मोडणाऱ्या प्रत्येकाच्या मागच्या खोलीत काहीतरी झाकून ठेवलेलं असतं. खरी जोखीम एकटी शाडूवाली घेते. तिची वाकडी सोंड गेली की गेली.

आणि आता खरी बातमी, कुणाला सांगू नका. आमच्याच ओळखीत एकीला यंदा पहिल्यांदा सोंड साधली. अनंत चतुर्दशीला तिनं काय करावं? पाटावरची सुपारी बुडवली आणि मूर्ती शोकेसमध्ये ठेवली, कपबशांच्या मागे! शेजारणीनं जाब विचारला तर म्हणे, "माझ्याकडे साचा नाही." पुढच्या वर्षी त्या घरात दोन गणपती बसणार की कसं, यावर तिसऱ्या मजल्यावर रोज बैठक भरते. गुरुजींचं मत वेगळं आहे, पण त्यांना विचारतंय कोण?