विक्षिप्त घड्याळ वापरण्याची सोपी पद्धत

घड्याळ कळते, असे ज्यांना शाळेपासून वाटत आले आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका.

पूर्वतयारी

हातातले बॅटरीचे घड्याळ काढून ठेवा. त्यातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी जेमतेम काही सेकंद चुकतो. इतक्या शहाण्या वस्तूच्या सहवासात हा अभ्यास होत नाही. हवे ते एखाद्या स्वतंत्र घड्याळजीने घडवलेले, कमानीवर चालणारे आणि रोजच चार-दोन सेकंद मागेपुढे होणारे घड्याळ. ही मंडळी मोठ्या कंपनीच्या दारात न जाता आपल्याच कार्यशाळेत वर्षाला मोजके नग करतात. १९८५ मध्ये स्वेन्ड आंदर्सन आणि व्हिन्सेंट कालाब्रेसे यांनी त्यांची संघटनाही काढली. इतकी स्वतंत्र माणसे एका संघटनेत कशी नांदतात, हा विषय पुढच्या इयत्तेला आहे. किमतीची चौकशी आत्ताच करू नये. नंतर तर मुळीच करू नये.

पायरी पहिली : काटे विसरा

फेलिक्स बाउमगार्टनर आणि मार्टिन फ्राय यांनी १९९७ मध्ये ‘उर्वेर्क’ ही घड्याळांची कार्यशाळा सुरू केली. त्यांच्या यूआर-१०३ या घड्याळात तासकाटा नाही. चार छोटे तुकडे फिरत असतात, प्रत्येकावर तीन आकडे. ज्याची पाळी असेल तो आकडा मिनिटांच्या कमानदार पट्टीवरून शून्यापासून साठापर्यंत चालत जातो आणि पुढच्याला जागा करून देतो. कल्पना मात्र सतराव्या शतकातली. पोप सातवे अलेक्झांडर यांना रात्री झोप येईना आणि टिकटिक सोसवेना, म्हणून रोमच्या कांपानी बंधूंनी आवाज न करणारे, आतून दिवा लावलेले आणि असेच फिरत्या आकड्यांचे घड्याळ करून दिले. पोपना त्यानंतर झोप लागली असो वा नसो, किती वेळ लागली नाही हे तरी दिसू लागले.

पायरी दुसरी : तोंड बघून वेळ ओळखा

रशियाचे कॉन्स्तान्तिन चायकिन यांनी २०१७ मध्ये ‘जोकर’ हे घड्याळ आणले. डायलवर हसरा चेहरा आहे. डावा डोळा तास दाखवतो, उजवा मिनिटे, आणि जिभेवर चंद्राच्या कला. बुबुळ जिकडे, तिकडे काटा आहे असे समजायचे. सराव : पावणेचारच्या सुमारास जोकर तिरळा होतो. सव्वानऊला दोन्ही डोळे दोन दिशांना पळतात. भर सभेत सारखे मनगटाकडे बघून हसू नये. वक्त्याचा गैरसमज होतो.

पायरी तिसरी : तास सारखे असतात हा हट्ट सोडा

जपानमध्ये १८७३ पर्यंत उजाडण्यापासून मावळेपर्यंत सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग अशी मोजणी होती. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा तास ऐसपैस आणि रात्रीचा आखूड, थंडीत उलटे. राहूकाळ बघणाऱ्यांना ही पायरी सोपी जाईल, कारण तोही दिनमानाचा आठवा भाग असतो आणि ऋतूबरोबर लांबतो, आखडतो. जपानी तासांचे आकडे मात्र उतरते : भर दुपारी नऊ, मग आठ, मग सात, आणि सूर्य मावळताना सहा. घड्याळजी मासाहिरो किकुनो यांनी हे सगळे मनगटावर आणले. तासांच्या खुणा ऋतूप्रमाणे डायलवर आपोआप सरकतात. त्यांची प्रेरणा तानाका हिसाशिगे यांचे १८५१ चे घड्याळ. या तानाकांच्याच कारखान्यातून पुढे तोशिबा उभी राहिली.

पायरी चौथी : वेळही सोडा

इथवर आलेल्यांनी स्वित्झर्लंडच्या थूनमधल्या बेआट हाल्डिमान यांच्याकडे जावे. त्यांच्या एच-८ या घड्याळाला काटे नाहीत. मधोमध फक्त तूर्बियाँ फिरते. (गुरुत्वाकर्षणाने चाल बिघडू नये म्हणून बॅलन्स व्हीलला गोल फिरवणारा हा पिंजरा. ब्रेगे यांनी १८०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले.) एच-९ वर तर काच काळीकुट्ट आहे. आत यंत्र चालते, बाहेर काहीही दिसत नाही. कान लावला तर टिकटिक ऐकू येते. तेवढे पुरेसे वाटू लागले, की तुम्ही उत्तीर्ण.

निगा

घड्याळजी आन्द्रेआस श्ट्रेलर यांच्या एका घड्याळातला चंद्र सुमारे २० लाख वर्षांत एका दिवसाने चुकतो. चावी द्यायला विसरलात, तर मात्र त्याच आठवड्यात चुकतो.

शंका-समाधान

*एवढे पैसे कशाचे?* घड्याळजी फिलिप द्युफूर यांचे उदाहरण घ्या. स्वित्झर्लंडच्या व्हाले द झू खोऱ्यातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत बसून ते आतल्या पट्ट्यांच्या कडा तिरप्या घासतात आणि जेन्शियन या वनस्पतीच्या वाळलेल्या देठाने त्यांना चकाकी आणतात. आतल्या बाजूचा टोकदार कोपरा यंत्राच्या गोल हत्याराला साधत नाही. तिथे माणूसच लागतो आणि त्याचे दिवसचे दिवस जातात. वेळ दाखवायला यातले काहीच लागत नाही. पैसे त्याचेच.

*मागवलेले घड्याळ वेळेवर मिळेल का?* या धंद्यात हा प्रश्न अशिष्ट समजतात. द्युफूर यांनी ‘सिंप्लिसिटी’ हे घड्याळ २००० मध्ये आणले. सुमारे दोनशे नग पुरे व्हायला दहा-बारा वर्षे गेली. उशीर झाला तर घड्याळजीवर चिडू नका. तो सगळा वेळ तुमच्याच घड्याळात जमा होतो आहे.