आसनोत्थानमीमांसा
(खुर्चीवरून उठण्याच्या आचार्यपदाविषयी काही प्राथमिक विचार)

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगावे, ही पूर्वसूरींची शिस्त. तदनुसार प्रस्तुत प्रबंधाचा विषय खुर्चीवरून उठणे हा होय. प्रयोजन, इतरांस उठणे शिकवू शकेल असा आचार्य घडवणे. संबंध, प्रतिपाद्य-प्रतिपादक-भाव. अधिकारी कोण, हा प्रश्न वादग्रस्त असल्याने त्याचा विचार पुढे केला आहे. तूर्त एवढेच नमूद करतो की, आपल्याला खुर्चीवरून उठता येते असा ज्याचा समज आहे, तो अनधिकारी समजावा.

पतंजलींनी आसनाची चर्चा अवघ्या तीन सूत्रांत आटोपली, आणि त्या तिन्हींत उठण्याचा उल्लेख नाही. हा सूत्रकारांचा दोष मानू नये. जमिनीवर बसणाऱ्या समाजात खुर्ची हा पदार्थच सिद्ध झालेला नसल्याने तद्विषयक उत्थानाची जिज्ञासा उत्पन्न होण्याचे कारण नव्हते. तो मान टास्मानिया बेटाकडे गेला.

त्या बेटावरील विन्यर्ड या गावी फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांचा जन्म १८६९ साली झाला. ते व्यवसायाने पाठक, म्हणजे रंगमंचावर नाट्यकाव्यातील उतारे म्हणून दाखवणारे कलावंत. पाठ ऐन रंगात आला की त्यांचा घसा बसे. वैद्यांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीने घसा सुटला. मंचावर जाताच पुन्हा बसला. दोष घशात नसून घसा वापरण्याच्या रीतीत असला पाहिजे, असे अनुमान बांधून अलेक्झांडर आरशासमोर उभे राहिले आणि दीर्घकाळ स्वतःस न्याहाळत राहिले. त्यांना असे दिसले की, बोलू लागताच आपली मान आवळते, मस्तक मागे खेचले जाते, स्वरयंत्र दबते आणि श्वास तोंडावाटे आवाज करीत आत ओढला जातो. पुढे तर बोलण्याचा नुसता संकल्प मनात आला तरी हे सर्व घडते, असेही ध्यानात आले. घशाचे कारण शोधू जाता खुर्चीचे शास्त्र हाती लागावे, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. व्याप्तीच तशी आहे: जेथे जेथे मान, तेथे तेथे आवळणे.

१९०४ साली ते लंडनला आले आणि १९३१ साली ॲशले प्लेस येथील आपल्या वास्तूत त्यांनी या शास्त्राचा पहिला आचार्यवर्ग भरवला. बर्नार्ड शॉ, ऑल्डस हक्स्ले आदी मंडळी त्यांच्यापुढे बसली आणि, जे अधिक महत्त्वाचे, उठली. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना गुरुस्थानी असलेले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी अलेक्झांडर यांच्या तीन ग्रंथांना प्रस्तावना लिहिल्या. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निकोलास टिनबर्गेन यांनी तर १९७३ च्या नोबेल व्याख्यानात या विद्येचा परामर्श घेतला. व्याख्यानान्ती श्रोत्यांना उठावे लागलेच असणार. संशोधनाचे हे क्षेत्र अद्याप अस्पर्शित आहे.

आता अध्ययनकालाचा विचार. ब्रिटनमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या, अलेक्झांडर यांच्या विद्येच्या शिक्षकसंस्थेच्या नियमानुसार आचार्यपदासाठी किमान तीन वर्षे आणि १६०० तास लागतात. दर पाच शिक्षणार्थींमागे एक अध्यापक असावा लागतो. त्याच देशात विमान चालवण्याचा खाजगी परवाना किमान ४५ तासांच्या उड्डाणाभ्यासानंतर मिळू शकतो. विमान खुर्चीपेक्षा उंच जाते हे मान्य केले तरी, विमानाचे उत्थान यंत्राधीन असते आणि मनुष्याचे मानेच्या अधीन. सबब तुलना फोल ठरते. गणिताने पाहता, सामान्य मनुष्याचे एक उत्थान दोन सेकंदांचे धरल्यास १६०० तासांत २८,८०,००० उत्थाने व्हावयास हवीत. प्रत्यक्षात त्यांचा अल्पांशही होत नाही. उरलेला काळ कोठे जातो? तो न उठण्यात जातो, आणि तेथेच या शास्त्राचा गाभा आहे.

व्याख्या: आसनस्थ देहाने, मान मोकळी ठेवून, मस्तकास पुढे व वर, पाठीस लांब व रुंद होऊ देत, उठण्याची धडपड न करता उठणे, यास उत्थान म्हणतात. पूर्वपक्ष असा की, खुर्चीवर टाचणी असताना बसलेला मनुष्यही धडपडीचा विचार न करता उठतो. तेव्हा अतिव्याप्ती झाली. उत्तर: टाचणीप्रसंगी मान आवळली जाते, लक्षण लागू पडत नाही. दुसरा पूर्वपक्ष असा की, मुख्याध्यापक वर्गात येताच साऱ्या वर्गाने केलेले उत्थान या व्याख्येतून वगळले जाते, अव्याप्ती झाली. उत्तर: ते उत्थान नव्हेच, ते उसळणे होय. त्यास स्वतंत्र प्रकरण हवे.

येथे ताठवादाचे खंडन अपरिहार्य आहे. 'ताठ बस' ही आज्ञा हे आपल्याकडील सर्वांत प्राचीन आणि सर्वांत व्यापक देहशिक्षण. तिचा प्रवर्तक बहुधा आजी, साधन पाठीवरील थाप, आणि फल असे की ताठपणा आजी स्वयंपाकघरात परत जाईपर्यंत टिकतो. अलेक्झांडरीय मताने या आज्ञेत मूलगामी दोष आहे. वर्षानुवर्षे वाकडा बसलेल्याची सरळपणाची जाणीवही वाकडी झालेली असते. त्यास खरोखर सरळ केले तर आपण कलंडलो असे वाटते. ज्ञानेंद्रियाची साक्षच अविश्वसनीय ठरल्यावर आज्ञापालन कोणाच्या भरवशावर करावे? म्हणून आचार्य सांगत काहीच नाही. तो हात ठेवतो. मस्तक मणक्यांच्या माथ्यावर ज्या सांध्यात डोलते, तो सांधा दोन्ही कानांच्या मधोमध, लोक समजतात त्याहून बराच वर असतो. चारपाच किलो वजनाचे मस्तक तेथे तोलावयाचे असते, धरून ठेवावयाचे नसते.

आता निरोध. अध्यापक उठण्याची सूचना देतो आणि विद्यार्थ्याने तत्क्षणी न उठण्याचा निर्णय घ्यावयाचा, हे या विद्येचे आद्य साधन. नैयायिकांनी अभावाचे चार भेद सांगितले आहेत. त्यांच्या आधारे अनुत्थानाचे वर्गीकरण असे होते.

१. प्रागभाव. उठण्यापूर्वीचे न उठणे. यास आदि नाही, अंत आहे. प्रथम वर्षाचा शिक्षणार्थी बहुतांश याच अवस्थेत आढळतो.

२. प्रध्वंसाभाव. उठून पुन्हा बसल्यानंतरचे न उठणे. लक्षणानुसार यास आदि आहे, अंत नाही. भोजनोत्तर सत्रात याचा प्रत्यय येतो.

३. अत्यंताभाव. त्रिकाळी न उठणे. मस्तकाखाली पुस्तके, गुडघे छताकडे, अशा स्थितीत टेबलावर निजवलेला आणि गाढ झोपलेला शिक्षणार्थी हे याचे उदाहरण. तो यथाकाल जागा होऊन उठतोच, असा आक्षेप घेतला जातो. परंतु टेबलावरून उठणे हे खुर्चीवरून उठणे नव्हे, आणि यातूनच चौथा भेद सिद्ध होतो.

४. अन्योन्याभाव. टेबल म्हणजे खुर्ची नव्हे, खुर्ची म्हणजे स्टूल नव्हे. अध्ययनाच्या तिसऱ्या वर्षी 'मी म्हणजे माझी मान नव्हे' असा या भेदाचा सूक्ष्म आविष्कार होतो, असे म्हणतात.

या चारांपैकी निरोध कोणता? वरकरणी तो प्रागभाव वाटतो. परंतु आळशी मनुष्यही प्रागभावातच असतो. आळशास उठावयाचे नसते. निरोधकास उठावयाचे असते, उठण्याची रीत ठाऊक असते, आणि तो तूर्त उठत नाही. दुरून पाहणाऱ्यास दोघेही सारखेच बसलेले दिसतात, आणि या एका कारणाने कित्येक घरांत या विद्येविषयी गैरसमज पसरला आहे. भेद मानेवर हात ठेवल्यावाचून कळत नाही. सबब निरोध हा पाचवा, स्पर्शगम्य अभाव मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. 'मंकी' नामक गुडघे व कंबर मुडपून अर्धवट उभे राहण्याची जी स्थिती शिकवली जाते, ती उत्थान की अनुत्थान, हा वाद येथे सोडून देतो; तिचे त्रैशंकव स्वरूप उघड आहे.

अधिकारविचार. शिक्षणार्थींचे चार प्रकार संभवतात.

फलधावक. सूचना पूर्ण होण्याआधीच याचा नितंबभाग खुर्ची सोडतो. फलावर दृष्टी आणि साधनाची उपेक्षा, हा अलेक्झांडरीय दर्शनातील मूळ दोष. संसारातील बहुतेक कर्तबगार माणसे याच वर्गात मोडत असल्याने यांची सुधारणा दुष्कर असते.

काष्ठवत्. योग्य स्थिती एकदा सापडली की ती निसटू नये म्हणून हा श्वास रोखून तिला धरून ठेवतो. यास बाहेर नेल्यास जिना उतरताना अडचण येते.

विगलित. 'सोडून दे' या वचनाचा हा शब्दार्थ घेतो. यास उठवण्यास दोन अध्यापक लागतात.

अकालाचार्य. हा प्रकार सर्वाधिक बहुल असून त्याचा विस्तार आवश्यक आहे. प्रमाणपत्रास अद्याप दोन वर्षे अवकाश असताना यास जगातील समस्त माना दिसू लागतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत हा मोबाइलवर वाकलेल्या प्रवाशांच्या माना पाहून व्याकूळ होतो. चित्रपटात नायिका मरते तेव्हा तिचे मस्तक मागे कसे पडले, इकडे याचे लक्ष असते. परदेशस्थ मराठी अकालाचार्येचे लक्षण व्हिडिओ कॉलवर प्रकट होते. ती म्हणते, ''आई, कणीक मळताना मान मोकळी सोड गं.'' तिकडून उत्तर येते, ''मानेचं राहू दे, तू जेवलीस का?'' शास्त्रदृष्ट्या पाहता या संवादात आईने सूचना ऐकून तिच्यावर तत्काळ कृती केली नाही. अर्थात निरोध तिला सहजसिद्ध आहे. कन्या मात्र चिडते, आणि चिडताना तिची मान आवळते. कोणी कोणास शिकवावे, हा निर्णय विद्वानांवर सोपवतो.

ग्रंथोपधानाविषयी दोन उपसंप्रदाय आहेत. उताणे निजलेल्याच्या मस्तकाखाली पातळ बांधणीची पुस्तके ठेवतात, जेणेकरून मस्तक मागे कलंडू नये आणि हनुवटी गळ्यावर दाबली जाऊ नये. संख्यावादी म्हणतात, उंचीच प्रमाण. पुस्तके तीन की पाच, हे देहानुसार ठरवावे, आशय अप्रस्तुत. आशयवादी म्हणतात, हक्स्ले यांच्या १९३६ च्या कादंबरीत अलेक्झांडर यांच्यावर बेतलेले एक पात्र आहे. तीच कादंबरी मस्तकाखाली घेतल्यास साधन आणि साध्य यांचा समन्वय साधतो. प्रस्तुत लेखक संख्यावादी असला तरी धर्मशास्त्रीय अंगाने एक शंका उपस्थित करतो. पुस्तकास पाय लागल्यास नमस्कार करण्याची आपल्याकडे रीत आहे. डोके लागल्यास काय करावे? सूक्ष्म विचारान्ती असे दिसते की, डोके टेकणे हाच नमस्कार असल्याने, वीस मिनिटे उताणा निजलेला मनुष्य अखंड नमस्कारच करीत असतो. वेगळ्या प्रायश्चित्ताचे कारण नाही.

प्रामाण्याविषयी एवढेच. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. २४ पाठ घेतलेल्या गटास वर्षानंतर चार आठवड्यांत साधारण ३ दिवस दुखले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांस २१ दिवस. व्यवहारवादी या निष्कर्षाने संतुष्ट आहेत. शुद्धशास्त्रवाद्यांस मात्र खंत वाटते की, एवढ्या मोठ्या समुदायात कोण किती उत्तम प्रकारे उठला नाही, याचे मोजमाप झाले नाही.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. १६०० तास पूर्ण झाल्यावर शिक्षणार्थीचे नाव पुकारले असता त्याने काय करावे? तो तत्काळ उठून पुढे गेला, तर तो फलधावक ठरतो आणि प्रमाणपत्रास अपात्र होतो. तो निरोध पाळून बसून राहिला, तर पूर्णतः पात्र ठरतो, परंतु प्रमाणपत्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अध्यापकाने खुर्चीपाशी नेऊन द्यावे, असा एक पक्ष आहे. तथापि त्यासाठी अध्यापकास स्वतःच्या खुर्चीवरून उठावे लागेल, आणि तोही सिद्ध निरोधक असल्याने अनवस्थाप्रसंग ओढवतो. यास्तव प्रमाणपत्र टपालाने पाठवावे, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे. पोस्टमनने दाराची घंटा वाजवल्यानंतर उद्भवणाऱ्या प्रश्नांचा विचार द्वितीय खंडात केला जाईल.